नवे स्पीकर घेण्याआधी

आमच्या घरात सध्या एका खरेदीवरून दोन तट पडले आहेत. मुलगा म्हणतो, हॉलमधले जुने स्पीकर काढून टाका आणि नवी जोडी घ्या. रत्नागिरीच्या एका दुकानात त्याने ती ऐकूनही ठेवली आहे. किंमत ३४,००० रुपये, आणि सोबत नवा ॲम्प्लिफायर घ्यायचा तर आणखी निम्मे धरा. अब्बा म्हणतात, माझ्या स्पीकरना कोणी हात लावायचा नाही. १९८६ साली कुवेतहून येताना त्यांनी ते आणले. त्या काळी आखातातून येणारा माणूस घड्याळ, कापड आणि टेप आणायचाच. अब्बांनी टेपबरोबर लाकडी पेट्यांतले वेगळे स्पीकर आणले, त्याची मोहल्ल्यात बरेच दिवस चर्चा होती, असे अम्मी सांगतात. आम्ही नवरा-बायको मधे. पैसे आमच्याच खिशातून जायचे.

भांडण हौसेचे असते तर आम्ही हसून सोडून दिले असते. पण अब्बा अलीकडे हॉलमध्ये ऐकायला बसतच नाहीत. पूर्वी असरनंतर चहाचा कप घेऊन खुर्चीत बसायचे. कधी अब्दुल करीम खाँ, कधी बेगम अख्तर, शुक्रवारी कारी अब्दुल बासित यांची किरात. आता म्हणतात, "आवाज येतो रे, पण काय म्हणतोय ते लागत नाही." आवाज वाढवला की बारावीतल्या मुलीचा अभ्यास मोडतो आणि शेजारच्या भाभी दुसऱ्या दिवशी बोलताना जरा तुटक असतात. ज्यांच्यासाठी स्पीकर घरात आले तेच उठून आतल्या खोलीत जाऊन बसतात. नव्या स्पीकरने ते परत येणार असतील तर ३४,००० जास्त नाहीत. पण येतील का, हे आधी बघायला हवे होते.

सुरुवात स्पीकरपासूनच केली. पुढची जाळी काढली. आवाज करणाऱ्या कागदी कोनच्या कडेला फोमची एक गोल पट्टी असते. तिच्या आधाराने कोन पुढे-मागे हलतो. बोट लावले तर पट्टीचा भुगा हातात आला. आपल्याकडची पावसाळी दमट हवा या फोमला मानवत नाही, पंधरा-वीस वर्षांत तो कुजतो. रबराची कडा त्याहून पुष्कळ टिकते. कडा गेली की कोन सरळ हलत नाही, खर्जाचा आवाज फाटतो आणि खरखर सुरू होते. कोन आणि लोहचुंबक मात्र सहसा शाबूत असतात, आमचेही होते. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका चाचांनी दोन्हींना नवी कडा लावून दिली, आतले वाळलेले कपॅसिटर बदलले आणि १,८०० रुपये घेतले. आपल्या घरी जुने चांगले स्पीकर असतील तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जाळी काढून तेवढी कडा बघाच.

खरखर गेली. शब्द मात्र अजून लागत नव्हते, आणि तेही फक्त अब्बांना नव्हे, आम्हालाही.

मग आमच्या लक्षात आले की हेच स्पीकर जुन्या घरात असे वाजत नव्हते. ते घर कौलारू होते. वर लाकडी माळा, खाली सारवलेली जमीन, कोपऱ्यात भाताची पोती, खुंट्यांवर कपडे. आवाज या सगळ्यांत मुरून जायचा. तीन वर्षांपूर्वी आम्ही स्लॅबचे घर बांधले. वर सिमेंट, खाली चकचकीत टाइल्स, एका भिंतीला मोठ्या काचा, आणि सूनबाईंच्या टापटिपीमुळे हॉलमध्ये फालतू वस्तू एक नाही. (टापटीप हा दोष नव्हे, एवढे लिहिण्याची आम्हाला ताकीद आहे.) अशा खोलीत मधोमध उभे राहून एक टाळी वाजवून बघा. टाळीमागून झणझण अशी शेपटी ऐकू आली तर स्पीकरमधून येणाऱ्या प्रत्येक अक्षराला तीच शेपटी लागते. एक अक्षर विरायच्या आत दुसरे त्यावर येऊन पडते. किरातीच्या रेकॉर्डिंगमध्ये बरेचदा मशिदीची स्वतःची गुंज असतेच. तिच्यावर आपल्या हॉलची गुंज चढली की तजवीदचे बारकावे कुठले कळायला! ज्या घरांत वाद्यसंगीत चालत नाही, फक्त किरात, नात आणि बयान ऐकतात, त्यांना तर ही गोष्ट जास्तच लागू आहे, कारण तिथे सगळा भार शब्दावर असतो.

त्यात सुताराने टीव्हीचे शोकेस करताना स्पीकरसाठी दोन खण केले, ते दोन टोकांच्या कोपऱ्यांत आणि छताला लागून. दिसायला छान. पण भिंती आणि छत जिथे मिळतात तिथे स्पीकर ठेवला की खर्ज फुगतो आणि बाकीचे त्याखाली दबते. बारीक, उंच आवाज ट्वीटरमधून टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. तो आमच्या डोक्यांवरून समोरच्या भिंतीवर आपटत होता.

स्पीकर खाली उतरवून दोन स्टुलांवर ठेवले, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येईल असे. मागच्या भिंतीपासून दीड हात पुढे. दोघांमध्ये सात फूट, आणि प्रत्येकापासून अब्बांच्या खुर्चीपर्यंतही साधारण तेवढेच. जमिनीवर जाड जाजम घातले, काचांना भरड कापडाचे पडदे लावले, पुस्तकांचे कपाट आतून आणून समोरच्या भिंतीला टेकवले. पडद्यांचे २,६०० रुपये सोडले तर खर्च नाही. त्या संध्याकाळी मुलगाच म्हणाला, "अम्मी, हे आपलेच स्पीकर आहेत ना?"

अब्बा येऊन बसले. पूर्ण एक बाजू ऐकली. मग म्हणाले, "पूर्वीपेक्षा बरे आहे. पण शब्द निम्मे लागतात."

उरला तो कान. हे बोलायला आम्हाला दोन आठवडे लागले. वयाबरोबर ऐकू येणे सरसकट कमी होत नाही. आधी उंच, बारीक आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ, थ हे वर्ण त्याच पट्ट्यात असतात. स्वर ऐकू येतात, व्यंजने पुसट होतात. म्हणून माणूस म्हणतो की आवाज येतो पण बोलणे कळत नाही. नुसता आवाज वाढवून हे भरून निघत नाही, कारण जे आधीच ऐकू येते तेही सोबत वाढून अंगावर येते. कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. कागदावरची रेघ उजवीकडे, म्हणजे उंच आवाजांकडे, उतरत गेलेली होती, दोन्ही कानांची. दुकानातली कुठलीही जोडी ही रेघ वर उचलू शकत नाही. एका कानाच्या मशीनचा आम्हाला सांगितलेला मधला पर्याय २८,००० रुपयांचा आहे. ही मशिने मुख्यतः बोलण्यासाठी जुळवलेली असतात. गाणे ऐकणाऱ्या माणसाने संगीतासाठी वेगळी सेटिंग मागून घ्यावी, नाहीतर तानपुरा विचित्र ऐकू येतो.

मुलाची बाजूही मांडली पाहिजे. नव्या रेकॉर्डिंगसाठी चांगले स्पीकर फरक करतात, यात वाद नाही. पण अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचे गाणे ७८च्या तव्यांवर आहे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे आणि आवाजाचा पल्लाही मर्यादित. तव्यात जे उतरलेच नाही ते ३४,००० रुपयांच्या पेटीतून कसे निघणार? मुलाला आम्ही आणखी दोन-तीन गोष्टी सांगितल्या, त्या घेणाऱ्या कोणालाही उपयोगी पडाव्यात. खोक्यावर पीएमपीओ म्हणून छापलेले हजारो वॅट मनावर घेऊ नयेत, आरएमएस विचारावे. सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघावा. ८६ डेसिबलच्या स्पीकरला जितकी ताकद लागते, तितक्याच आवाजाला ८९ डेसिबलचा स्पीकर निम्म्या ताकदीत पोचतो. जुना ॲम्प्लिफायर आठ ओहमचा असेल तर चार ओहमचे स्पीकर त्याला जोडू नयेत, तो तापतो. आणि दुकानात दोन जोड्या ऐकताना आवाज सारखा करून घ्यावा. थोडी मोठी वाजणारी जोडी कानाला नेहमीच चांगली वाटते, हे विकणाऱ्याला आपल्यापेक्षा आधी ठाऊक असते. ऐकायला रेकॉर्डिंगही आपले, रोजचे न्यावे.

तूर्त ठरले ते असे. स्पीकरचे पैसे कानाच्या मशीनसाठी बाजूला ठेवले आहेत. अब्बा अजून तयार नाहीत. "मला बहिरा ठरवता काय?" असे त्यांनी विचारले आणि दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अम्मींनी त्यांना आपल्या भाषेत काय सांगितले कोण जाणे, पंधरा दिवस लावून बघायला हरकत नाही, इथपर्यंत ते आले आहेत. डॉक्टरही तेवढ्या दिवसांसाठी मशीन द्यायला तयार आहेत. मुलाला आम्ही सांगितले की बारावीची परीक्षा आणि हे पंधरा दिवस उरकू देत, मग हॉलमध्ये बसून सगळे मिळून पुन्हा ऐकू, आणि तरीही काही कमी वाटले तर त्या दुकानात आम्ही दोघे त्याच्याबरोबर येऊ. दुकानदाराने किंमत लिहून दिलेली चिठ्ठी त्याने पाकिटात ठेवली आहे.