शिरेतून जाणारे अन्न

अतिदक्षता विभागातील रुग्ण उपासमार आणि जंतुसंसर्ग अशा दोन शत्रूंशी एकाच वेळी झुंजत असतो. पोषणासाठी शिरेत नळी घालावी, तर जंतूंना वाट मिळते. त्या भीतीने अन्न रोखावे, तर झिजलेले शरीर संसर्गाला सहज बळी पडते. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन फार घटले होते, अशा जठरव्रणाच्या रुग्णांत मृत्यू कितीतरी अधिक होतात, हे स्टडली या शल्यविशारदाने १९३६ सालीच दाखवून दिले. पुढे १९६८ च्या सुमारास डड्रिक आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात संपूर्ण पोषण मोठ्या शिरेतून देण्याची पद्धत सिद्ध केली. आतडे निकामी झालेल्यांना ते जीवदानच ठरले.

परंतु वरदानाचाही अतिरेक होतो. २०११ साली बेल्जियममध्ये ४६४० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. शिरेवाटे पूरक पोषण लवकर सुरू केलेल्यांत संसर्गाचे प्रमाण २६.२ टक्के होते. आठवडाभर थांबलेल्यांत ते २२.८ टक्के आढळले. २०१४ साली इंग्लंडमधील सुमारे २४०० रुग्णांच्या पाहणीत मात्र अन्न शिरेतून दिले की जठरातील नळीतून, याने संसर्गात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे दोष केवळ मार्गाचा नव्हे. प्रमाण, वेळ आणि स्वच्छता यांचाही विचार केला पाहिजे.

यांपैकी स्वच्छता तर सर्वस्वी माणसाच्या हाती आहे. मिशिगन राज्यात हात धुणे, त्वचा निर्जंतुक करणे, निर्जंतुक आवरणे वापरणे, मांडीची शीर टाळणे आणि अनावश्यक नळी तात्काळ काढणे, एवढे पाच नियम कसोशीने पाळले गेले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे सरासरी प्रमाण दीड वर्षात हजार दिवसांमागे ७.७ वरून १.४ वर आले. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही.

आपल्याकडे 'सलाईन लावा, ताकद येईल' हा आग्रह आजही ऐकू येतो. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत फार तर १०० कॅलरी असतात; जेमतेम एका पोळीएवढ्या! तेवढ्यासाठी शिरेचे दार उघडे ठेवणे शहाणपणाचे नव्हे. आतडे काम करीत असेल, तर पोषणासाठी पहिला विचार त्याचाच व्हावा. रुग्णालयांनी आहारतज्ज्ञ आणि पुरेशा परिचारिका नेमाव्यात, संसर्गाची नोंद प्रामाणिकपणे ठेवावी; आणि नातेवाइकांनी किती बाटल्या चढल्या हे मोजण्याऐवजी, ही नळी आज खरोखर हवी आहे काय, एवढेच रोज विचारावे.