भिंती पाडण्याची करमणूक

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत नणंदेची मुलं आमच्याकडे होती. दुपारी उन्हामुळे बाहेर पडायची सोय नव्हती, त्यामुळे टीव्ही चालू. एक अमेरिकन जोडपं जुनाट घर विकत घेतं, हातात घण घेऊन भिंती फोडतं, मधे जरा भांडतं, हसतं, आणि तासाभरात तेच घर आरशासारखं चमकायला लागतं. हिंदीत डब केलेला कार्यक्रम. नणंद म्हणाली, "भाभी, हे बघा किती चांगलं. नाच नाही, शिव्या नाहीत, सासू-सुनांची कारस्थानं नाहीत. सगळ्यांना घेऊन बघता येतं."

मीही मान डोलावली होती. ती मान मी आज परत घेते आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. लेकीच्या वर्गातल्या मुलीला एका प्रकल्पासाठी आमच्याकडे यायचं होतं. लेक म्हणाली, "नको. आपणच तिच्याकडे जाऊ." का, म्हणून विचारलं तर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अम्मी, आपलं घर 'बिफोर' आहे ना."

सोलापुरातलं आमचं हे घर माझ्या अब्बांनी बांधलं. ते गवंडी होते. आठवडाभर लोकांची घरं बांधायची आणि सुट्टीच्या दिवशी आपली एक भिंत उचलायची, असं करत करत ते पुरं झालं. खाली शहाबादी फरशी आहे, पावसाळ्यात एका कोपऱ्याला ओल येते. भिंतीत एक ताक आहे, कुरआन ठेवण्यासाठी. त्याची कमान अब्बांनी तीनदा पाडून चौथ्यांदा मनासारखी केली होती. दहा वर्षांच्या माझ्या मुलीला हे घर जन्मापासून ठाऊक आहे. त्याला नाव मात्र टीव्हीने दिलं : बिफोर.

आपल्या समाजात टीव्हीबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक, टीव्हीच हराम, घराबाहेर काढा. दुसरं, अंगप्रदर्शन नाही ना, दारू नाही ना, मग चालतं. पहिल्या मताशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ते सांगणाऱ्यांच्या खिशातही मोबाईल असतो आणि मोबाईलमध्ये सगळा टीव्ही असतो. माझं भांडण दुसऱ्या मताशी आहे. आपण 'कुटुंबासोबत पाहण्याजोगं' ठरवताना फक्त एवढंच बघतो की सासऱ्यांसमोर मान खाली घालावी लागली का. मुलांच्या मनात काय उतरलं, हे कोण बघतं? बेहयाई कपड्यांतच असते असं नाही. हावरेपणा, दिखावा, दुसऱ्याच्या संसाराला नाक मुरडणं, हेही मुलांसमोर करू नये असंच आपल्या थोरांनी शिकवलं आहे.

या कार्यक्रमांचा साचा पाहा. सुरुवातीला घरात शिरून प्रत्येक खोलीला नावं ठेवायची. हा रंग कसला, हे किचन किती कोंदट, इथे लोक राहत कसे होते? पाहुणा म्हणून कुणाच्या घरी जाऊन आपलं मूल असं बोललं, तर आपण तिथेच त्याचा कान धरू. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय, सलाम केल्याशिवाय पाऊल टाकू नका असा आदेश आहे. घराला अब्रू असते हा त्यामागचा विचार. आणि इथे सात परक्या घरांची अब्रू दर आठवड्याला सोफ्यावर बसून मोजायची, हा खेळ.

आपल्या रसूलांची (स.) एक हदीस आपण सगळ्यांनी मदरशात ऐकलेली आहे : संपत्तीच्या बाबतीत आपल्याहून कमी असलेल्याकडे पाहा, वरच्याकडे नको, म्हणजे अल्लाहच्या देणगीची किंमत राहते. 'बिफोर-आफ्टर' हा प्रकार या शिकवणीच्या नेमका उलटा उभा आहे. तो तासभर तुम्हाला वर बघायला लावतो, आणि कार्यक्रम संपला की नजर तुमच्याच भिंतीवर आणून सोडतो. मधल्या जाहिरातीत रंग, फरशी आणि गृहकर्ज असतंच. सूरह तकासुर सांगते ती जास्तीची, आणखी जास्तीची ओढ याहून सोपी करून कोण दाखवणार? उलट सूरह नहलमध्ये घराला विसाव्याची जागा म्हटलं आहे आणि त्याच आयतीत जनावरांच्या कातड्याचे तंबूही घरांतच धरले आहेत. जिथे जीव शांत होतो ते घर. तंबू कुणाचा 'बिफोर' नव्हता.

आता कुणी म्हणेल, ताई, नाही म्हटलं तरी खरी माणसं आहेत, खरी घरं आहेत, त्यात वाईट काय? तर मग खरेपणाचंच बघू.

अमेरिकेतल्या एचजीटीव्ही या वाहिनीचा 'हाउस हंटर्स' नावाचा कार्यक्रम आहे. तीन घरं बघायची आणि एक निवडायचं. 2012 मध्ये त्यात भाग घेतलेल्या एका बाईंनी उघड सांगितलं की चित्रीकरणाआधीच त्यांनी घर घेतलेलं होतं आणि उरलेली 'विकाऊ' घरं त्यांच्या मित्रांची होती. त्याच वाहिनीचा 'फिक्सर अपर' टेक्सासमधल्या वेको गावातला. त्यात शेवटी दिसणारं देखणं फर्निचर त्या खर्चात धरलेलं नसतं, ठेवायचं तर मालकाने वेगळे पैसे मोजायचे. म्हणजे ज्या खोलीकडे बघून आपण सुस्कारा सोडतो, ती खोली तशी त्या मालकालाही मिळालेली नसते.

सगळ्यात गाजलेला प्रकार म्हणजे एबीसी वाहिनीचा 'एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन'. 2003 पासून 2012 पर्यंत चालला. गरजू कुटुंबाला सहलीला पाठवायचं, आठवड्यात त्यांचं घर पाडून नवं बांधायचं, ते परत आले की समोर मोठी बस उभी करायची, गर्दीने बस हलवण्यासाठी ओरडायचं, बस हलली की कुटुंबाने रडायचं. मीही रडले आहे हे बघून, लपवत नाही. पण 2006 मध्ये त्या वाहिनीचा एक ई-मेल बाहेर आला. कोणकोणत्या दुर्मीळ आजारांची आणि कोणत्या संकटांतली कुटुंबं कार्यक्रमासाठी शोधून हवीत, याची त्यात यादी होती. दु:खाची ऑर्डर! सूरह बकरा सदका उघडपणे देण्याला चांगलं म्हणते, पण गरिबाला गुपचूप देणं अधिक चांगलं म्हणते. आणि उपकार बोलून दाखवून, मन दुखावून दान वाया घालवू नका असंही बजावते. आपल्याकडे जुनी माणसं जकातीचे पैसे पाकिटात घालून विधवेच्या उशाखाली ठेवून यायची. दार वाजवायचीसुद्धा नाहीत. आता राशनचं किट देताना चार जण फोटोत शिरतात आणि घेणारी बाई पदराने तोंड झाकते. हा रोग टीव्हीनेच आणला असं मी म्हणत नाही. पण मुलांना शेजारी बसवून तो बघत राहिलो, तर ती यालाच मदत म्हणायला शिकतील.

आणि त्या घरांचं पुढे काय झालं? जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ 2005 मध्ये याच कार्यक्रमाने एक भलं मोठं घर बांधून दिलं. त्या कुटुंबाने धंद्यासाठी ते तारण ठेवून साडेचार लाख डॉलरचं कर्ज काढलं, आणि 2008 मध्ये घरावर जप्तीची पाळी आली. चूक कुटुंबाचीही होती, मान्य. पण गरिबाला महाल देताना त्याच्या कमाईचा, खर्चाचा, कर्जाचा हिशेब दाखवणं कॅमेऱ्याला कधी गरजेचं वाटत नाही. आपल्या मोहल्ल्यात मुलीच्या लग्नाआधी फरशी बदलायची म्हणून दागिने गहाण टाकलेली घरं प्रत्येकाला दोन-चार तरी माहीत असतील. व्याज हराम म्हणून जुम्म्याच्या बयानात मान हलवायची, आणि 'लोक येणार, घर बरं दिसायला हवं' म्हणून खासगी फायनान्सच्या दारात उभं राहायचं. हे आपलंच चाललं आहे.

माझा सगळ्यात मोठा राग मात्र वेगळ्या गोष्टीवर आहे. या कार्यक्रमांत माझे अब्बा कुठे आहेत?

देखणा यजमान दोन वेळा घण मारतो, हसत कॅमेऱ्याकडे बघतो. मग दृश्य भरभर पळायला लागतं. त्या पळत्या दृश्यात गिलावा होतो, फरशी बसते, वायरी ओढल्या जातात. जे हात हे करतात त्यांची तोंडंही धड दिसत नाहीत. अब्बा ओळंबा लावून एक डोळा मिटून भिंतीकडे बघत राहायचे, तेव्हा आम्ही पोरं श्वास रोखायचो. सिमेंटने त्यांच्या बोटांची टोकं फाटलेली असत, अम्मी रात्री त्यांना खोबरेल तेल लावायची. फरशी कापणारा पोऱ्या तोंडाला रुमाल बांधून धुळीच्या ढगात बसलेला असतो, तो खोकला कॅमेऱ्यात येत नाही.

धूळ ही साधी गोष्ट नाही. अमेरिकेत 1978 पासून घरगुती रंगात शिशावर बंदी आहे, पण त्याआधीच्या घरांच्या भिंतींवर जुने थर आहेतच. ते खरवडताना उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, म्हणून तिथे कामाचे कडक नियम आहेत. 'फिक्सर अपर'च्या यजमान जोडप्याच्या कंपनीने हे नियम पाळले नव्हते. तिथल्या पर्यावरण संस्थेने कार्यक्रमाचंच चित्रीकरण तपासून प्रकरण उभं केलं आणि 2018 मध्ये 40,000 डॉलर दंडावर तडजोड झाली. आपल्याकडे रंगातल्या शिशाची 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. म्हणजे त्याआधी दिलेल्या रंगांत शिसं असू शकतं. पण आपण मुलांना टीव्हीवर काय दाखवतो? भिंत फोडणं म्हणजे मजा!

आणि कायदाही या माणसाला विसरतो. 2025 पर्यंत बांधकाम कामगारांसाठी 1996 चा केंद्राचा कायदा होता. पण स्वतःच्या राहत्या घराचं काम, ज्याचा खर्च 10 लाखांच्या वर नसे, ते करून घेणारा मालक त्या कायद्यातून वगळलेला होता. घरदुरुस्तीची आपल्याकडची बहुतेक कामं याच मापात बसत. म्हणजे ज्या कामाचा टीव्हीवर उत्सव होतो, त्याच कामावरचा माणूस शिडीवरून पडला तर मालकाच्या दयेवर असे.

आता जे बोलायला जड जातं तेही बोलते. या कार्यक्रमांत भिंत पाडण्याच्या दिवसाला 'डेमो डे' म्हणतात. टाळ्या, आरोळ्या, उडणाऱ्या विटा. ज्या देशात गेली काही वर्षं बुलडोझर घरांवर चालताना लोकांनी मोबाईलवर पाहिला, टाळ्याही वाजवल्या, तिथे पडणाऱ्या भिंतीवर मला हसू येत नाही. सर्वोच्च न्यायालयाला 13 नोव्हेंबर 2024 रोजी सांगावं लागलं की कुणावर आरोप आहे एवढ्यावरून त्याचं घर पाडता येणार नाही, आणि पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी लागेल. अमेरिकन जोडप्याचा त्याच्याशी संबंध नाही, हे मला कळतं. पण माझ्या मुलीला भिंत पडण्याचा आवाज पहिल्यांदा टाळ्यांसोबत ऐकू यावा, हे मला नको आहे. भिंत उभी राहायला किती दिवस लागतात, हे तिला आधी कळू दे.

मग बंदी घालायची का? नाही. बंदी घातली की मुलं शेजारी जाऊन बघतात. शिवाय या विषयावरचा चांगला कार्यक्रमही असू शकतो हे अमेरिकेनेच दाखवलं आहे. 1979 मध्ये बोस्टनमधून 'धिस ओल्ड हाउस' सुरू झाला. त्यात एकाच घरावर अनेक भाग काम चालायचं. त्यातला सुतार नॉर्म अब्राम यजमानाइतकाच नावाजला, प्लंबर पाइप कसा जोडायचा ते हळूहळू समजावून सांगायचा. तिथे काम हाच नायक होता. असा मराठी कार्यक्रम कुणी काढला, ओल कशी थांबवायची, गच्ची कशी गळते, दहा बाय बाराच्या खोलीत हवा कशी खेळवायची हे सोलापूर-मालेगाव-मुंब्र्यातल्या घरांत जाऊन दाखवलं, तर मी सगळा मोहल्ला गोळा करून बघायला बसेन.

तोवर आमच्या घरात एक शिस्त आहे. हे कार्यक्रम मुलांनी एकटं बघायचे नाहीत. मी सोबत बसते आणि विचारत राहते. हे पैसे कुणी दिले? कर्ज किती? ही फरशी कुणी बसवली, त्याचं नाव सांगितलं का? आधी इथे जे राहत होते ते वाईट राहत होते का? पहिल्या दिवशी मुलं वैतागली. आता लेक स्वतःच ओरडते, "अम्मी, बघ, मिस्त्रीला परत पळवलं!"

दिवाळीच्या सुट्टीत मी कोपऱ्यातली ओल खरवडायला घेतली, तोंडाला ओला रुमाल बांधून, मुलांना बाहेर काढून. गिलावा करायला अब्बांच्या हाताखाली शिकलेले चाचा आले. लेकीने दारातून त्यांना विचारलं, "हे ताक तुमच्या समोर बांधलं होतं का?" चाचांनी थापी खाली ठेवली आणि कमान तीनदा का पाडली होती ते सांगायला बसले. मला त्यातलं अर्धं माहीतच नव्हतं.

वर्गातली ती मुलगी अजून आमच्याकडे आलेली नाही. लेकीने तिला पुढच्या रविवारी बोलावलं आहे.