दोन फटके, दोन गुण

प्रामाणिकपणाचे फळ मिळतेच, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मला ते पूर्ण पटत नाही.

२०१० च्या पीजीए टूर हंगामातली गोष्ट. एप्रिलमध्ये अमेरिकेतील हार्बर टाउन मैदानावर इंग्लंडचा ब्रायन डेव्हिस आणि अमेरिकेचा जिम फ्युरिक बरोबरीत होते. प्ले-ऑफमध्ये डेव्हिसचा चेंडू पाण्याकाठच्या गवतात गेला. फटक्यासाठी क्लब मागे नेताना तो एका सुट्या काडीला किंचित लागला. तिथे हा नियमभंग होता. डेव्हिसने स्वतःच पंचांना बोलावून सांगितले. टीव्हीवरही ते मंद गतीतच दिसले. दोन फटक्यांचा दंड झाला, फ्युरिक जिंकला आणि पुढे त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डेव्हिसला पीजीए टूरवर एकही विजेतेपद मिळाले नाही.

मग त्याने मूर्खपणा केला का? गेल्या सत्रात बेरीज चुकल्याने मला दोन गुण जास्त मिळाले होते. मी महिनाभर गप्प राहिलो. शेवटी सरांना सांगितले, तेव्हा वर्गातला दुसरा क्रमांक गेला. बक्षीसही गेले. फळ काहीच मिळाले नाही. पण आता परेडला 'ऑनर' हा शब्द ऐकला की मान खाली जात नाही.

मित्रांनो, फळासाठी खरे बोलणे हा सौदा झाला. कॅडेटने तो करू नये.