तेलाचा डाग आणि खडूची पूड

मैत्रिणींनो, आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, "हिला स्वयंपाकघर सोडून हे गॅरेजचं खूळ कुठून लागलं?" पण गाडी यजमानांची असली, तरी तिचा खर्च आपल्याच हिशेबाच्या वहीत पडतो ना? आणि तिचं सांडलेलं तेल पुसायची वेळ आली की फडकंही आपल्याच हातात येतं. शिवाय यंदा ह्या तेलानं मला चांगलाच धडा शिकवला. तो तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमची मोटारसायकल २००९ सालची. भांडुप ते ठाणे, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या गर्दीतून रोज जाऊन-येऊन ती म्हातारी झाली. २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षं पुरी झाली, तेव्हा पर्यावरण कर भरून वडाळ्याच्या आरटीओत पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतली. विकून फारसे पैसे येणार नव्हते, आणि नवी घ्यायची तर हप्ते. तेव्हा "चालतेय तोवर चालू दे" असं ठरलं.

पुढे उन्हाळ्यात इमारतीखाली गाडीजवळ रुपयाएवढा काळपट डाग दिसू लागला. महिन्याभरात तो बशीएवढा झाला. आमचे हे दर रविवारी तेलाची पातळी बघायचे आणि कमी झालेलं तेल वरून ओतायचे. "जुनी गाडी आहे, थोडं गळायचंच," हे ठरलेलं वाक्य. मी तरी काय केलं? शाळेत जाताना तो डाग रोज डोळ्यांत खुपायचा, म्हणून त्यावर एक जुनं पोतं टाकून दिलं. डाग झाकला, मी मोकळी!

पाऊस लागला. पोतं भिजलं, खालचं तेल आणि पाणी एक झालं. एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी देवळात जायला निघाल्या, त्यांचा पाय त्या पोत्यावर पडला आणि पोत्यासकट त्या घसरल्या. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. सगळे म्हणाले, "पावसात फरशी निसरडी होतेच." आजीसुद्धा तसंच म्हणाल्या. खरं काय ते मला ठाऊक होतं.

त्याच दिवशी मी ह्यांना म्हटलं, "आता तेल ओतणं बंद. ते येतं कुठून ते आधी बघायचं."

काही मोटारसायकलींना, उदाहरणार्थ २००७ साली आलेल्या पल्सर २२० ला, पुढच्या बाजूला एक छोटी जाळी असते. तिला ऑइल कूलर म्हणतात. इंजिनात तापलेलं तेल पंपाच्या जोराने एका नळीतून ह्या जाळीत जातं, समोरच्या वाऱ्याने निवतं आणि दुसऱ्या नळीतून परत इंजिनात येतं. आमच्याही गाडीला ती आहे. ह्या दोन नळ्यांचं काम सोपं नाही. आत उकळत्या पाण्याइतकं, कधी त्याहूनही तापलेलं तेल, त्याचा दाब, बाहेरून ऊन, पाऊस आणि खड्ड्यांचे हादरे! रबर हळूहळू कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. आपल्या शेगडीची सुरक्षा नळी वरून धडधाकट दिसली तरी दर पाच वर्षांनी बदलायला सांगतात, ते का? तसंच हे. आमच्या नळ्या तर गाडीबरोबरच आलेल्या!

गळती शोधण्याची युक्ती मेस्त्रींनी सांगितली. गॅसच्या नळीला आपण साबणाचा फेस लावून बघतो, तिचीच ही बहीण. गाडी पूर्ण थंड असताना नळ्या, त्यांचे सांधे आणि जाळी साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने स्वच्छ पुसायची आणि कोरडी होऊ द्यायची. मग त्यावर टाल्कम पावडर भुरभुरायची. मास्तरीणबाईंच्या घरात खडूची पूड काय कमी? मी तीच वापरली. नंतर गाडी मोकळ्या हवेत मधल्या स्टँडवर उभी करून इंजिन चार-पाच मिनिटं चालवायचं. जिथे पांढरी पूड ओली आणि काळी होते, तिथे गळती. पदर, ओढणी आणि मुलं लांब ठेवायची, सायलेन्सरला हात लावायचा नाही, आणि तेलाचा फवारा दिसला तर इंजिन ताबडतोब बंद करायचं.

पुडीने दोन जागा दाखवल्या. एक, नळी इंजिनाला जोडणाऱ्या बोल्टजवळ, आणि दुसरी, जिथे रबर धातूच्या टोपीत दाबून बसवलेलं असतं तिथे.

पहिलीचं कारण ऐकून मला हसू आलं. त्या बोल्टाखाली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पातळ चकती असते, वॉशर. बोल्ट आवळला की ती चेपते आणि फट बुजवते. एकदा चेपलेली चकती पुन्हा नीट बसेलच असं नाही. मागे कुणीतरी बोल्ट सोडवला आणि जुनीच चकती परत लावली होती. कुकरची कडक झालेली रिंग पुन्हापुन्हा बसवून "शिट्टी का होत नाही" म्हणण्यातलाच प्रकार! नुसती चकतीच गळत असेल, तर काम थोडक्या रुपयांत भागतं. म्हणून सुरुवात नेहमी तिथून करावी.

दुसऱ्या गळतीला मात्र सोपी वाट नाही. आमचे हे एम-सील घेऊन तयारच होते. मेस्त्री म्हणाले, "वहिनी, दाबाखालच्या गरम नळीवर लांबी टिकत नाही. आज चिकटेल, उद्या रस्त्यात सुटेल." पाण्याची किंवा साधी रबराची नळी कापून, क्लिपा आवळून बसवणं तर त्याहून वाईट. साधं रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. दोनच मार्ग खरे. एक, गाडीच्या नंबराप्रमाणे नवी नळी. ती विक्रेत्याकडे मिळाली नाही, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या-नव्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे चौकशी करावी. दुसरा, यंत्रांच्या हायड्रॉलिक नळ्या बनवणाऱ्या गाळ्यातून जुन्या टोकांच्या मापाची, तेल, उष्णता आणि दाब सोसणारी नळी मशीनवर दाबून घ्यावी. पण जिची जाळीच गळतेय, तिला नळ्या बदलून उपयोग नाही. तेही पुडीने आधीच कळतं.

आम्ही दोन्ही नळ्या बदलल्या. एकच गळत होती, पण दोघी एकाच वयाच्या. चारही टोकांना नव्या चकत्या घातल्या. मी शेजारी उभी राहून बघत होते. मेस्त्रींनी जाळीच्या तोंडाशी दोन पाने लावले, एकाने धरलं आणि दुसऱ्याने फिरवलं. एकाच पान्याने जोर केला तर ॲल्युमिनियमचं तोंड पिळवटून जाळीच निकामी व्हायची. मग पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं तेल भरून मिनिटभर इंजिन चालवलं, बंद करून थोडं थांबले आणि पातळी पुन्हा बघितली. ती उतरलेली होती, कारण रिकाम्या नळ्या आणि जाळी तेल पितात. तेवढं भरून काढलं. हे न करता गाडी हाकणारे पुष्कळ असतात! दुसऱ्या दिवशी सगळे सांधे पुन्हा पुसून पाहिले.

सगळं मिळून एका बऱ्यापैकी साडीच्या किमतीत भागलं. अशा मोटारसायकलीत सगळं मिळून लिटर-सव्वा लिटरच तेल असतं. त्यातलं पाव लिटर गळणं म्हणजे घरातल्या पाचांपैकी एकाने उपाशी राहणं. तेल फार उतरलं की पंप हवा ओढतो, आतले भाग कोरडे घासतात आणि इंजिन धरतं. मग साडी नाही, पाटल्या मोडायची वेळ! गरम सायलेन्सरवर तेल पडलं तर धूर आणि आगीची भीती, मागच्या चाकावर आलं तर गाडी घसरण्याची. रस्त्यावर तेल सांडलं की अग्निशमन दलाची माणसं येऊन माती टाकतात, ती उगाच नव्हे.

फरशीवरच्या डागावर आधी पाणी ओतू नये, तेल पसरतं. लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून रात्रभर ठेवावी, सकाळी कागदावर भरून घ्यावी, मग धुण्याच्या पावडरीने घासावं. काढलेलं काळं तेल गटारात अजिबात ओतू नये. बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्यावं. तुमची स्वतःची स्कूटर असेल, तर तिला असा कूलर बहुधा नसतो. पण इंजिनाच्या सांध्यांतून तेल तिचंही गळतं, आणि पुडीची युक्ती तिथेही चालते.

दुरुस्ती झाल्यावर आजींकडे गेले. डब्यात गोडाचा शिरा होता. तो पुढे करण्याआधीच सांगून टाकलं, "आजी, ते पोतं मी टाकलं होतं. खाली आमच्या गाडीचं तेल होतं." आजी जरा वेळ गप्पच राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं गं. पाऊस काय मला नवा आहे? आता प्लास्टर निघेपर्यंत रोज संध्याकाळी येऊन माझी वेणी घालून देत जा. एका हाताने जमत नाही."

सहा आठवडे मी रोज गेले. अजूनही अधूनमधून जाते.

तर मैत्रिणींनो, उद्या सकाळी गाडी निघून गेली की तिच्या जागेवर एक नजर टाका. डाग दिसला, तर त्यावर पोतं मात्र टाकू नका!