थकलेले लक्ष आणि टीव्हीचा पडदा

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा पाहावयास एकच वाहिनी होती आणि तीही दिवसातील काही तासांपुरतीच. पुढे ‘चिमणराव’सारख्या मालिकेसाठी आठवडाभर वाट पाहिली जात असे. आज वाहिन्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात. मोबाईलवरील चित्रफितींची तर गणतीच नाही. तरीही संध्याकाळी घरी परतलेला माणूस रिमोट हाती घेऊन दहा-बारा वाहिन्या धुंडाळतो व एकीवरही स्थिरावत नाही. समोर मालिका चालू असते आणि नजर मात्र हातातील मोबाईलवर असते. असे का व्हावे?

माणसाचे लक्ष आता केवळ आठ सेकंद टिकते, सोनेरी माशापेक्षाही कमी, हे विधान २०१५ पासून सर्वत्र फिरत आहे. त्यास भक्कम शास्त्रीय आधार नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्लोरिया मार्क यांची निरीक्षणे अधिक विश्वसनीय आहेत. संगणकावर काम करणाऱ्यांचे लक्ष २००४ साली एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत असे. अलीकडच्या वर्षांत हा अवधी सुमारे ४७ सेकंदांवर आला आहे. लक्ष जितक्या वेगाने इकडून तिकडे जाते तितका ताणही अधिक असतो, असे त्यांना हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदींवरून आढळले.

याचा अर्थ लक्ष देण्याची शक्तीच नाहीशी झाली, असा नव्हे. क्रिकेटचा सामना तीन-चार तास पाहणारी आणि वेबमालिकेचे अनेक भाग एका रात्रीत संपविणारीही हीच माणसे आहेत. ही शक्ती थकलेली आहे. दिवसभर कार्यालयातील कामाचा तगादा आणि त्यानंतर विरार लोकलमधील गर्दी सोसून आलेल्या मनाला काय पाहावे हे ठरविण्याचेही ओझे वाटते. मग जे पुढे येईल ते पाहिले जाते.

अशा पाहण्याने विश्रांती मिळते काय? रॉबर्ट क्युबी व मिहाय चिक्सेंटमिहाय या संशोधकांनी २००२ साली लिहिलेल्या लेखात याचे उत्तर सापडते. टीव्ही पाहताना माणसाला सैल, निवांत वाटते. परंतु तो बंद करताच ती निवांतता संपते आणि मरगळ मात्र मागे उरते. म्हणूनच तो बंद करण्यास हात धजावत नाही.

निर्मात्यांनी हे अर्धे लक्ष अचूक ओळखले आहे. दैनंदिन मालिकेत एकच धक्कादायक वाक्य ऐकल्यावर प्रत्येक पात्राचा चेहरा आळीपाळीने दाखविला जातो. पार्श्वसंगीत इतके ठळक असते की स्वयंपाकघरात कणीक मळणाऱ्यालाही कथा समजावी. वृत्तवाहिनीवर एकाच वेळी सहा चौकटी बोलत असतात. २०२० साली नेटफ्लिक्सने मोबाईलवर चित्रपट दीडपट वेगाने पाहण्याची सोय दिली आणि त्याच वर्षी यूट्यूबने अतिलघु चित्रफितींची चाचणी भारतातच सुरू केली. माहितीची सुबत्ता लक्षाचे दारिद्र्य निर्माण करते, असा इशारा अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दिला होता.

एखादी मालिका नीट पाहिली गेली नाही, तर फारसे बिघडत नाही. खरी हानी घरातच होते. शाळेत घडलेली गोष्ट मूल अडखळत सांगते. वृद्ध आईचे दुखणे एका वाक्यात संपत नाही. त्यांच्या बोलण्यामागे पार्श्वसंगीत नसते आणि ते दीडपट वेगाने ऐकताही येत नाही. पडद्यापुढे जडलेला उतावीळपणा आपण त्यांच्यापुढेही दाखवू लागलो, तर घरात माणसे असूनही संवाद उरणार नाही.

यावरील उपाय साधे आहेत. घरी आल्यावर प्रथम थोडा वेळ कोणत्याही पडद्याविना स्वस्थ बसावे. काय पाहावयाचे ते आधी ठरवावे, शक्यतो कुटुंबाने एकत्र पाहावे व कार्यक्रम संपताच टीव्ही बंद करावा. त्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. आठवड्यातून एका संध्याकाळी जरी हे जमले, तरी आपल्या घरात कोणाला काय सांगावयाचे राहून गेले आहे, ते ऐकू येऊ लागेल.