म्हादईचे आकडे कोणाचे?

म्हादई आमची माय, हे ओरडून ओरडून आमचा घसा बसला. पण काल रात्री घाटात पाऊस किती पडला, नदी किती चढली, हे विचारा. घोषणा देणाऱ्या दहांपैकी नऊजण आभाळाकडे बघतील. गंमत म्हणजे उत्तर आभाळातूनच यायला हवे.

पर्जन्यमापक, पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, सौर पॅनेल, बॅटरी आणि वर एक छोटी अँटेना. ही अँटेना ४०२ मेगाहर्ट्झच्या आसपास आपले आकडे ३६,००० किलोमीटरवरच्या इन्सॅट उपग्रहाकडे पाठवते, तिथून ते जमिनीवरच्या केंद्रात उतरतात. हवामान खाते हे तंत्र कित्येक वर्षे वापरते आहे. घरच्या टीव्हीची छत्री मुसळधार पावसात मुकी होते. ही होत नाही, कारण इतक्या कमी कंपनसंख्येच्या लहरींना पाऊस जवळजवळ अडवतच नाही.

"मोबाईलचे सिम घाला, स्वस्त पडते," असे सांगणारे शहाणे भेटतात. पडते की! पण पुराच्या रात्री आधी वीज जाते, मग टॉवर. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी-डिचोलीत पाणी घुसले, तेव्हा १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हणून सरकारनेच सांगितले. खानापूर तालुक्यात उगवणारी ही नदी जेमतेम ऐंशीएक किलोमीटरची. घाटातला पाऊस खाली पोचायला वेळ लागत नाही. इथे दोन तास आधी कळणे म्हणजे गोठ्यातली गुरे सोडवता येणे.

आणि प्रश्न फक्त पुराचा नाही. नदीत मुळात पाणी किती, यावर लवादापुढे राज्ये वर्षानुवर्षे भांडली. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात १८८.०६ टीएमसी ठरले आणि त्यातले १३.४२ कर्नाटकाला मिळाले. गोवा २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२३ मध्ये केंद्राने 'प्रवाह' प्राधिकरण नेमले. उद्या पाणी वळले की नाही हे ठरवताना भावना नव्हे, नोंदी मागतील. त्या तिन्ही राज्यांना एकाच वेळी दिसणाऱ्या हव्यात, आणि सत्तरीतल्या शेतकऱ्यालाही. अमेरिकेत हजारो नद्यांची पातळी उपग्रहामार्गे येते आणि कोणीही घरबसल्या बघतो. तिथे अर्ज करावा लागत नाही.

फायलींत आयुष्य गेलेला माणूस म्हणून एकच सांगतो. टेंडरमध्ये खरेदीसोबत दहा वर्षांची देखभाल घाला. नाहीतर उद्घाटनाचा फोटो येईल आणि पुढच्या मिरगाला पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात सुकी पाने सापडतील.