नाचणारीचे छायाचित्र कोणाचे?

बीड जिल्ह्यातील बंजारा तांड्यांत श्रावण हा नाचाचा महिना असतो. तीजेच्या दिवसांत अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालून ते वाढवतात, त्यांच्याभोवती फेर धरून गातात आणि शेवटी ते अंकुर पाण्यात सोडतात. दुसरा मोठा सण होळीचा. लेंगी गावी आणि नाचावे तर होळीलाच. परंतु ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची होळी पुष्कळदा तांड्यावर होतच नाही. फाल्गुनात साखर कारखान्यांची धुराडी पेटलेलीच असतात आणि नवराबायकोची जोडी, जिला या धंद्यात ‘कोयता’ एवढेच म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असते.

याच बाईचे छायाचित्र मात्र सर्वत्र भेटते. आरसे आणि कवड्या जडवलेली फेटिया-काचळी, गिरकीत फुललेला घेर, हातभर बांगड्या. पर्यटनाच्या भित्तिपत्रकावर ती आहे, दिनदर्शिकेवर आहे, स्पर्धेत पारितोषिक मिळवणाऱ्या चौकटीतही आहे. खाली छायाचित्रकाराचे नाव असते आणि शेजारी ‘बंजारा नृत्य’ असे दोन शब्द. ज्या कपड्यावर तिने स्वतः महिनोन्‌महिने टाके घातले आणि जो नाच ती आजीकडून शिकली, त्या दोहोंच्या धनिणीला नाव असू नये, हे कोणालाच खटकत नाही.

कायद्यालाही ते खटकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. हक्क त्याचा, किंवा पैसे देऊन काढवून घेणाऱ्याचा. आणि तो कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांनाही काही हक्क मिळाले. त्यांच्या व्याख्येत नर्तक आहे, कसरत करणारा आहे, गारुडीसुद्धा आहे. २०१२ मध्ये आपले नाव लावले जावे असा दावा करण्याचा हक्कही त्यांना मिळाला. पण हे सारे ध्वनिमुद्रणाला आणि हलत्या दृश्यांना लागू आहे. स्थिर छायाचित्र त्यातून सुटले. गिरकी चित्रफितीत घेतली तर बाई कलावंत ठरते. तीच गिरकी क्षणभर गोठवली की ती केवळ विषय होते!

या ‘विषया’चा इतिहास जुना आहे. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत बहुतेक माणसांची ओळख जात आणि ठिकाण एवढीच, वर त्या जातीच्या स्वभावाविषयी साहेबाचा शेरा. ते खंड निघत असतानाच, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो १९५२ साली रद्द झाला, आणि महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. माणसाऐवजी जातीचा नमुना पाहण्याची ती नजर मात्र रद्द झालेली नाही. तिला आता लोकसंस्कृतीचे कौतुक म्हणतात.

न्यूझीलंडच्या माओरींनी हाच प्रश्न वेगळ्या वाटेने लढवला. त्यांच्या हाका नाचाची चित्रे जगभर विकली गेली. त्यांच्यातली ‘का माते’ ही हाका रग्बी सामन्यांमुळे सर्वांच्या ओळखीची झाली. ती सुमारे १८२० च्या काळातली, न्गाती तोआ या जमातीचा प्रमुख ते राउपराहा याने रचलेली. जमातीच्या दीर्घ आग्रहानंतर २०१४ मध्ये तेथील संसदेने कायदा केला: ही हाका व्यापारासाठी प्रसिद्ध करणाऱ्याने रचनाकाराचा आणि जमातीचा उल्लेख केला पाहिजे. परवानगीची अट नाही, मोबदला नाही. फार थोडे मिळाले, हे खरेच. तरी नाचाला धनी असतो एवढे तरी एका संसदेने लिहून दिले.

छायाचित्रकारही कष्टकरीच आहे आणि त्याने चित्र टिपले नसते तर पुष्कळ काही नष्ट झाले असते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर हिंडून केलेले काम लोकवाङ्मय गृहाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, तेही याच महाराष्ट्रात. बरोबर राहून काढलेले चित्र आणि मोटारीतून उतरून टिपलेले चित्र यांतला फरक चित्रकलेतला नाही. तो ओळखीचा आहे.

ओळख नसली की काय होते, ते बीडने २०१९ मध्ये पाहिले. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांत अनेक जातींच्या स्त्रिया होत्या, बंजाराही होत्या. पुन्हा कॅमेरे आले. या वेळी आरसे नकोत, सुरकुत्या हव्या होत्या. सणाच्या चित्रातली बाई आणि दुखण्याच्या चित्रातली बाई एकच असू शकते, हे दोन्ही चित्रे छापणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

आता थोडे घरचे. पुढारी यायचा म्हटले की तांड्यावरच्या बायांना मिरवणुकीच्या अग्रभागी नाचायला आणायचे, पाहुण्याच्या गळ्यात नगारा अडकवायचा आणि छायाचित्र काढायचे, हा प्रघात कोणत्या पक्षात नाही? सभेच्या हिशेबात मांडववाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, छायाचित्रकाराचेही पैसे लिहिलेले असतात. नाचणाऱ्यांच्या नावे चहा असतो. जो कार्यकर्ता ऊसतोड कामगाराच्या दरासाठी कारखान्याच्या फाटकावर बसतो, त्याने त्याच कामगाराच्या बायकोचा नाच फुकट घ्यावा यात विसंगती आहे, आणि ती मिटवण्यासाठी संसदेच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

परवानगी तांड्याच्या नायकाकडे मागून भागणार नाही; ती नाचणाऱ्या बायांकडेच मागावी आणि नकार आला तर कॅमेरा पिशवीत ठेवावा. होकार आला तर दिवसाची मजुरी आधी ठरवावी, नावे वहीत लिहून घ्यावीत, ती चित्राखाली छापावीत, आणि प्रत्येकीला तिच्या चित्राची प्रत नेऊन द्यावी. मात्र हे श्रावण-भाद्रपदातच उरकले पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेल्या कुटुंबांच्या गाड्या हलतात; त्यानंतर चित्रांच्या प्रती घेऊन जाणाऱ्याला तांड्यावर म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुलेच भेटतील.